बोटीवरचं सेशन दर वेळी थंड पडतं? आधी हे तपासा

गेली नऊ वर्षं मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर, दर शनिवारी टेबलटॉप रोलप्लेइंगचा खेळ चालवते: प्रत्येक खेळाडू एका पात्राचे निर्णय घेतो, फासे निकाल ठरवतात आणि गोष्ट मी सांगते. या नऊ वर्षांत जंगलं झाली, भुयारं झाली, किल्ले झाले, दरबारातली कारस्थानं झाली. अडायचं ते एकाच ठिकाणी: पात्रं बोटीत चढली की टेबल थंड. आधी वाटलं आमच्याच ग्रुपचं असेल. मग मकरपुऱ्याच्या एका ग्रुपने पाहुणी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) म्हणून बोलावलं, तिथेही तेच. कॉलेजच्या पोरांना शिकवायला गेले, तिथेही तेच. हा बिघाड इतक्यांदा काढलाय की आता पहिल्या दहा मिनिटांत कळतं कुठे अडकलंय. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

लक्षणं

सुकाणूवर बसलेला फासा टाकतो आणि बाकीचे चौघं मोबाईल बघतात.

लागोपाठ तीन राउंड (एका राउंडमध्ये प्रत्येकाची एकेक पाळी) एकच वाक्य ऐकू येतं: "मी परत बाण मारतो."

पाठलाग संपतच नाही. शेवटी तुम्हीच कंटाळून म्हणता, "बरं, त्यांनी तुम्हाला गाठलं." त्या क्षणी आधीच्या अर्ध्या तासातले सगळे फासे वाया गेलेले असतात आणि हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं.

किंवा उलट. पहिल्याच राउंडला विझर्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकते, समोरच्या जहाजाची शिडं पेटतात आणि तुम्ही तीन तास तयार केलेलं सगळं चार मिनिटांत संपतं.

पुढच्या महिन्यात बेटावर जायचं ठरलं की कुणीतरी हळूच विचारतं, "जमिनीवरून रस्ता नाही का?"

आणि सगळ्यात खरं लक्षण. मागच्या सागरी लढाईची आठवण काढा, बोट उचला आणि तिच्या जागी गावाबाहेरचा पार ठेवा. तुमच्या वर्णनातला एकही शब्द बदलावा लागत नसेल, तर लढाई समुद्रावर झालेलीच नाही. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडी ओट्यावर झाली.

खालच्या तपासण्या स्वस्तापासून महागाकडे लावल्या आहेत. एका वेळी एकच करा, एक सेशन चालवा आणि मगच पुढची घ्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते समजणार नाही, आणि पुढच्या वेळी बिघडलं की पुन्हा सुरुवातीपासून.

१. समोरच्या जहाजाला हवंय काय?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. कागदावर एवढंच लिहा: "समोरच्या जहाजाला अमुक हवंय." त्या "अमुक"च्या जागी "आपल्याला मारायचंय" याखेरीज काही सुचत नसेल तर बिघाड सापडला. मी ज्या टेबलांवर गेले त्यांतल्या बहुतेकांचा इथेच सापडला.

का महत्त्वाचं? जमिनीवरच्या लढाईत हरणारा पळतो, लपतो, झाडावर चढतो. समुद्रावर तसं काही नाही. दोघांनाही फक्त दुसऱ्याला बुडवायचं असेल तर उरतं ते आकडे वजा करणं. शिवाय जहाजांवर पोट भरणारा कुणीही जहाज बुडवायला बघत नाही, कारण माल जहाजाबरोबरच तळाला जातो. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात कोकण किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागे. दस्तक असेल तर जहाज सुखरूप, नसेल तर जहाज मालासकट जप्त. आता ही गोष्ट टेबलावर ठेवून बघा. क्षितिजावर शीड दिसतं, जवळ येतं, आणि पहिली तोफ नाही, पहिला प्रश्न येतो: दस्तक दाखवा. आपल्या पात्रांकडे आहे का? कुणाच्या शिक्क्याचं? मुदत संपलेलं? एरवी सागरी लढाईत कोपऱ्यात बसणाऱ्या रोगला (चोर-हेराच्या पात्राला) तोफ डागायच्या आधीच काम मिळालं.

दुसरा नमुना खांदेरीचा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी उभारायला घेतली. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली, पाठोपाठ सिद्दीचं आरमार आलं. त्यांची जहाजं मोठी होती. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र त्यांना चुकवून रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवत राहिल्या. मी यावर एका संध्याकाळचा वन-शॉट केला होता: बेटावर चुना आणि धान्य पोचवायचं, उजाडायच्या आत परत यायचं. एकाही शत्रूला मारायची गरज नव्हती. चार तास कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही.

एवढ्यावर टेबल जागं झालं तर इथेच थांबा. पुढचं वाचायची घाई नाही.

२. अंतराची पट्टी

खर्च एक कोरा कागद. जहाजाच्या लढाईसाठी चौकोनांची बॅटल मॅट पसरू नका. डेक मावतो, समुद्र मावत नाही. त्याऐवजी लांब पट्टी कापा आणि तिच्यावर पाच घरं आखा: क्षितिज, दुर्बिणीत दिसेल एवढं, तोफेचा पल्ला, हाकेचं अंतर, कडेला कड. आपलं जहाज एका टोकाला, समोरचं एका घरात. दर राउंडला ते घर बदलतं किंवा बदलत नाही. बस.

पाठलाग का संपत नाही त्याचं कारण साधं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ च्या नियमांत साध्या शिडाच्या जहाजाचा वेग ताशी २ मैल आणि युद्धनौकेचा अडीच मैल दिलाय. दोन्ही जहाजं सारखी असतील तर अंतर बदलायला काही कारणच नाही. पट्टीवर मात्र एक घर पुढे सरकायला दर वेळी काहीतरी द्यावं लागतं: माल पाण्यात टाका, फाटायची भीती असताना जादा शीड चढवा, खडकांमधून जवळची वाट काढा. खेळाडू वेगाशी खेळत नाहीत, किमतीशी खेळतात.

क्षितिजाचा हिशेबही एकदा करून ठेवा, फार उपयोगी पडतो. डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. क्षितिज तेवढे किलोमीटर लांब. डेकवर चार मीटर उंचीवरून सात किलोमीटर दिसतं. पंचवीस मीटरच्या डोलकाठीवर चढलेल्याला जवळजवळ अठरा. म्हणजे वर कुणी असेल तर शत्रू खूप आधी दिसतो, नसेल तर उशिरा. आणि समोरचं जहाज तुमच्यापेक्षा दोन नॉटने वेगवान असलं, म्हणजे ताशी ३.७ किलोमीटरने, तरी ते अठरा किलोमीटर तोडायला त्याला पाच तास लागतात. हे पाच तास राउंड-राउंड खेळायचे नसतात. त्यात तीन निर्णय ठेवा, प्रत्येकाला एकेक फासा. मधल्या वेळात दुपारचं जेवण होतं, कुणी देवाचं नाव घेतं, कुणी तलवारीला धार लावतं. शत्रू दिसतोय पण अजून पोचलेला नाही, ही समुद्रावरची सगळ्यात मोठी भीती आहे. जमिनीवर ती मिळत नाही.

३. वारा

खर्च काडेपेटीतली एक काडी. पट्टीशेजारी ठेवा. गुलाचं टोक वारा जिकडे चाललाय तिकडे. दर तीन राउंडनी सहा बाजूंचा फासा टाका: १ आला तर काडी डावीकडे थोडी वळवा, ६ आला तर उजवीकडे, बाकी काही आलं तर तशीच.

काडी नसली की सगळ्या दिशा सारख्या होतात, आणि सगळ्या दिशा सारख्या असलेला समुद्र म्हणजे मैदान. मी कोनाची गणितं टेबलावर आणत नाही. तीनच स्थिती ठेवते. वारा पाठीशी: जोरात. वारा कुशीला: बऱ्यापैकी, पण बोट कलते. वारा तोंडावर: शिडावर पुढे जाता येत नाही, वल्ही काढा नाहीतर वळसा घ्या.

आंग्र्यांच्या आरमाराची लढायची रीत वाऱ्यावरच उभी होती. गुराबं म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, त्यांच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) पुढे मारा करणाऱ्या तोफा. सोबत चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं. वारा असला तर शिडावर पाठलाग. वारा पडला तर गलबतं वल्हवत गुराबांना ओढत न्यायची. गाठल्यावर शत्रूच्या पिछाडीला गोळा व्हायचं, कारण परदेशी जहाजांच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत. आणि आधी नेम डोलकाठ्यांवर. डोलकाठी पडली की जहाज वळू शकत नाही. मग चारी बाजूंनी मारा, आणि तरीही शरण आलं नाही तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चढायची. बघा, यात पाच टप्पे तयार आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर बचाव करणाऱ्याला वेगळा उपाय सुचू शकतो. एखादं अख्खं सेशन यावर चालतं.

आणखी एक गोष्ट शाळेच्या भूगोलातली: दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे गुपचूप बंदर सोडायचं तर पहाटे, मतलई वारा असेपर्यंत. हे मी खेळाडूंना सांगत नाही. बंदरातल्या म्हातारीच्या तोंडून "उजाडायच्या आत निघा" एवढंच वदवते. कोण विचारतं "का?" ते बघायला मजा येते.

४. हात कमी, कामं जास्त

इथे थोडं थांबते, कारण माझ्या अनुभवात खरी दुरुस्ती हीच आहे.

मोबाईल बाहेर येतात ते माणसं कंटाळखोर आहेत म्हणून नाही. बोटीवर त्यांच्या हातात काही नसतं म्हणून. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पदं वाटणं: तू कप्तान, तू सुकाणूवर, तू तोफेवर. मी दोन वर्षं हेच केलं आणि ते चालत नाही असं माझं ठाम मत झालंय. पद दिलं की माणूस त्या पदावर अडकतो. सुकाणूवाला दर राउंडला तोच फासा टाकतो. तोफेऐवजी बलिस्टा (मोठे बाण फेकणारं यंत्र) असेल तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या त्याच नियमांत भरायला एक कृती, नेम धरायला एक, सोडायला एक. एकटा गोलंदाज तीन पाळ्यांत एकदा मारतो आणि चुकला की पंधरा मिनिटं गेली.

पदं काढून टाका. चिठ्ठ्या घाला. टेबलावर जितके खेळाडू, त्याहून एक जास्त चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर चालू असलेलं एक संकट, आणि मागच्या बाजूला या राउंडला कुणी हात घातला नाही तर काय होईल ते. राउंड संपला की हात न लागलेली चिठ्ठी उलटायची.

मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार सांगते. दोघं आले नव्हते, तिघंच होते: विझर्ड, रोग आणि आमचे काका. काका साठीच्या पुढचे, निवृत्त झाल्यावर खेळायला लागले, बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळतात. बोटीवर आलो की ते इतके दिवस डोळे मिटून बसत, कारण कुऱ्हाड घेऊन मारायला समोर कुणी नसे. मी चार चिठ्ठ्या टाकल्या. पुढचं शीड फाटतंय. तळात गुडघाभर पाणी आहे. तोफेची दारू भिजतेय. एक खलाशी पाण्यात पडलाय आणि ओरडतोय.

विझर्डने शीड उचललं. रोग दारूच्या चिठ्ठीकडे हात नेता नेता थांबला आणि तळातल्या पाण्याकडे गेला. मी विचारलं, "काका, तुम्ही काय करताय?"

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग म्हणाले, "हा जो पडलाय, त्याचं नाव काय?"

मी नाव ठरवलेलंच नव्हतं. सुचलं ते सांगितलं: "पांडू."

"पोहता येतं त्याला?"

"नाही."

"मग दोर द्या."

त्यांनी दोर कंबरेला बांधला, दुसरं टोक रोगच्या हातात दिलं आणि उडी मारली. आता रोगला पाणीही उपसायचंय आणि दोरही धरायचाय. मी काही केलं नव्हतं, संकट त्यांनीच एकमेकांत गुंफलं. दारूची चिठ्ठी कुणी उचलली नाही, मी ती उलटली: "पुढचे तीन राउंड तोफ बंद." कुणी तक्रार केली नाही. त्यांनी ते निवडलं होतं. रात्री शेव-उसळ खायला उतरलो तेव्हाही काका त्या पांडूबद्दलच बोलत होते. तो आता आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या सलग गोष्टीत) कायमचा आहे.

चिठ्ठी लिहिताना एकच काळजी घ्या. संकटं वेगवेगळ्या जातीची हवीत: एक अंगमेहनतीचं, एक डोक्याचं, एक माणसाचं. चारही चिठ्ठ्या "काहीतरी तुटलंय" अशा असतील तर त्याही दोन राउंडमध्ये शिळ्या होतात. आणि एखादी चिठ्ठी चांगली बातमी असू द्या: "शत्रूचं सुकाणू क्षणभर उघडं पडलंय." तीही कुणी उचलली नाही तर जाते.

५. जहाजाचे आकडे

आता थोडी तयारी लागते, अर्धा तास धरा. वर म्हटलेल्या नियमांत शिडाच्या जहाजाला ३०० हिट पॉइंट्स (किती मार सोसेल त्याचा आकडा) आहेत आणि एका फटक्यात १५ पेक्षा कमी नुकसान झालं तर ते धरायचंच नाही. तलवारीचा सरासरी घाव आठ-नऊचा. म्हणजे योद्ध्यांनी जहाजावर कितीही घाव घातले तरी बहुतेक वेळा शून्य. फायरबॉलचं सरासरी नुकसान २८, म्हणजे फक्त आकड्यांनी बुडवायचं तर अकरा फायरबॉल. आणि तोच फायरबॉल आसपासच्या जळाऊ वस्तू पेटवतो, म्हणून दुसऱ्या डीएमकडे एकाच फटक्यात जहाज खलास. लक्षणांतली दोन्ही टोकं इथून येतात.

३०० चा आकडा खोडा. जहाजाचे चार भाग करा: शिडं, सुकाणू, कूड (जहाजाचं बाहेरचं लाकडी अंग), माणसं. प्रत्येकाला तीन खुणा. मोठा फटका बसला की एक खूण खोडायची, आणि कुठली ते फटका मारणारा सांगतो. शिडांच्या तीन खुणा गेल्या की जहाज थांबतं. सुकाणूच्या गेल्या की वळत नाही. कुडाच्या गेल्या की पाणी भरतं. माणसांच्या गेल्या की शरण येतं. २९७ आणि २६९ यांत खेळाडूला काही दिसत नाही. सुकाणू गेलं म्हटलं की सगळं दिसतं.

फायरबॉलवर बंदी घालू नका. विझर्डने तो स्पेल शिकायला मेहनत घेतलीय. त्याऐवजी आगीला आगीसारखं वागू द्या. लढाईआधी शत्रू शिडं आणि डेक भिजवून घेतो, मग पहिल्या फायरबॉलला एकच खूण. आणि दोन जहाजं दोर बांधलेल्या लोखंडी आकड्यांनी एकमेकांना जखडलेली असताना आग लागली तर ती कुणाची हे आग विचारत नाही. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गवर हल्ला केला तेव्हा बंदरातल्या एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. ही हकीकत मी एकदा टेबलावर सांगितली. त्यानंतर आमची विझर्ड आधी दोर तोडायला सांगते, मग हात उचलते.

६. पाणी स्वतः

याला खर्च आहे: एक रविवार आणि पेट्रोल. पण बडोद्यात राहून हे केलं नाही तर हळहळ वाटेल.

आपल्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला असतो तो दमणला नाहीतर द्वारकेला, लाटा आणि वाळू. म्हणून टेबलावरही लाटा आणि वाळूच येते. खंभातचं आखात वेगळं आहे. जगातल्या मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तिथे आहे; आखाताच्या आतल्या भागात उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे, रोज भरतीला पाण्याखाली जातं. आम्ही पाचही जण अमावास्येला गेलो. ओहोटीला देवळात जाऊन आलो, मग काठावर उभे राहिलो. लाट नव्हती. तपकिरी पाणी चिखलावरून सरपटत आलं, आधी खाचांमधून, मग खाचा भरल्या आणि एकदम सगळीकडून. आवाज जवळजवळ नाहीच. विझर्ड खेळणारी मला म्हणाली, "तू नेहमी समुद्र गरजतो म्हणतेस ना, हा तर गप्प आहे." त्या दिवसापासून माझं वर्णन बदललं.

का महत्त्वाचं? लढाईला घड्याळ हवं आणि पाण्यासारखं घड्याळ नाही. त्याला थांबवता येत नाही, त्याच्यावर स्पेल पुरत नाही, आणि ते दोन्ही बाजूंना सारखंच लागू. हिशेब सोपा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. समजा पाणी सहा मीटर चढणार आहे. पहिल्या तासात अर्धा मीटर, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात आणि चौथ्यात दीड-दीड, पाचव्यात एक, सहाव्यात अर्धा. म्हणजे सुरुवातीला वाटतं खूप वेळ आहे. मग मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं.

वेळ ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी हलतं. आखातात आत वेळा वेगळ्या पडतात, तिथे प्रत्यक्ष जाताना भरतीचा तक्ताच बघा. खेळाच्या जगासाठी मात्र हा ठोकताळा पुरतो, फक्त तिथला चंद्र एकच ठेवा.

यावर बेतलेला माझा आवडता प्रसंग देते, उचला आणि वापरा. ओहोटीला पात्रांचं गलबत वाळूच्या पट्ट्यावर बसलंय, कललंय. शत्रूचं मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून आहे. त्याला जास्त पाणी लागतं, जवळ येता येत नाही. तोफेचा पल्ला पोचत नाही. म्हणून शत्रूची चाळीस माणसं चिखलातून चालत निघतात. पाणी परत यायला लागलंय. आपलं गलबत हलकं, ते तिसऱ्या तासाला तरंगेल. चौथ्या तासाला शत्रूचं जहाजही आत येऊ शकेल. मधला एक तास तुमचा. गलबत हलकं करायला काय काय टाकाल? चिखलात रुतलेल्या शत्रूच्या माणसांचं पाणी वाढल्यावर काय होईल, आणि त्यांनी हात वर केले तर बोटीत घ्याल? आमच्याकडे घेतले. सात जणांना. वजन वाढलं आणि सुटकेला उशीर झाला. त्या सातांपैकी दोघांनी पुढे दगा दिला आणि तरीही काका म्हणतात, घेतले ते बरोबर होतं.

७. मुळात समुद्रावर का?

शेवटची आणि सगळ्यात वेळखाऊ तपासणी, हिला आठवडे जातात. वरचं सगळं करूनही टेबल थंड असेल तर दोष एका प्रसंगात नाही, कॅम्पेनमध्ये आहे. बोट पात्रांची नाही, भाड्याची आहे, आणि ती बुडाली तरी त्यांचं काही जात नाही. मग बोट त्यांची करा. तिला नाव द्यायला लावा. खलाशांचा पगार, शिडाची दुरुस्ती, एखादं बंदर जिथे त्यांना ओळखतात, एखादं जिथे तोंड दाखवता येत नाही. हे हळूहळूच होतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

नियमांची दुरुस्ती दोन पानांच्या वर गेली तर थांबा. स्वतःचा जहाजांचा नियमसंच लिहीत बसू नका, मी तसे तीन लिहिले आणि एकही दुसऱ्या सेशनला टिकला नाही. ज्या खेळाचा पायाच जहाजांवर आहे असा खेळ घ्या. किंवा सागरी कॅम्पेन चालवलेल्या अनुभवी डीएमला एका शनिवारसाठी बोलवा आणि स्वतः खेळाडू होऊन बसा. बाहेरून एकदा बघितलं की सहा महिन्यांचं समजतं.

दोन खेळाडूंमध्ये प्रत्यक्षातलं भांडण असेल आणि ते बोटीवर कप्तान कोण यावरून बाहेर पडत असेल, तर वरच्या सातही तपासण्या निरुपयोगी आहेत. खेळ बंद करा, फासे बाजूला ठेवा आणि त्या दोघांशी बोला.

आणि एक थांबा असा की जिथे एक मिनिटही पुढे जायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्यातल्या एकीचं तळमजल्याचं घर पाण्यात होतं. काही महिन्यांनी मी बोटीच्या तळात पाणी चढतंय असं वर्णन करत होते, अंधार, भिजलेली पोती, दार उघडत नाहीये. तिने फासे खाली ठेवले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. चेहरा बदलला होता. मी वाक्य अर्धवट सोडलं, दिवा मोठा केला, चहा टाकला. त्या दिवशी पुढे खेळलो नाही. आता कॅम्पेन सुरू करायच्या आधी प्रत्येकाला एकट्याला विचारते: बुडणं, कोंडलं जाणं, पूर, यातलं काय नको? नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. पण एखाद्याला टेबलाबाहेरही झोप लागत नसेल, पाऊस सुरू झाला की छातीत धडधडत असेल, तर तो डीएमच्या हातातला विषय नाही. आपण गोष्टी सांगणारे आहोत, उपचार करणारे नाही. समुपदेशकाकडे जायला सांगा, हवं तर सोबत जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे, दिवसरात्र चालू असते.

शेवटचं, जहाजाबद्दल खरंच अडलं तर. वल्ही कशी बदलतात, वादळात शीड कोण उतरवतं, रात्री किनारा वासावरून कसा कळतो, हे शोधत बसण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या एखाद्या तांडेलाशी (मच्छिमार बोटीच्या म्होरक्याशी) बोला. उमरगावपासून खाली कोकणापर्यंत कुणाच्या तरी ओळखीत कुणीतरी निघतंच. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून-जुलैच्या सुमाराला, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ते घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले, आणि त्यांना बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेनंतर फोन केलात तर घरचे सांगतील, बोटीवर गेलेत.